कशी लागली?

मराठी वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर घर जळाल्याची बातमी वर्षानुवर्षं एकाच साच्यातून निघते. ‘शॉर्टसर्किटने घराला आग’, ‘संसारोपयोगी साहित्य जळून खाक’, ‘लाखोंचे नुकसान’, ‘सुदैवाने जीवितहानी नाही’ आणि शेवटी ‘तलाठ्यांनी पंचनामा केला’. पाच वाक्यं, एक चौकट. फाल्गुन सरून ऊन तापायला लागलं की अशा चौकटी वाढतात आणि पहिला पाऊस पडला की कमी होतात. साच्याबद्दल तक्रार नाही, बातमीदाराला जागा तेवढीच असते. पण त्यातला ‘सुदैवाने’ हा शब्द घरच्यांना पुढं कित्येक महिने ऐकावा लागतो. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणतो, ‘माणसं वाचली ना, मग झालं. वस्तू काय, परत येतील.’ म्हणणाऱ्याच्या मनात माया असते. ऐकणाऱ्याला मात्र कळतं, की आपल्याला रडायची परवानगी नाही.

मोजणीही याच वळणाची. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात आगीच्या अपघातांत ७,४३५ मृत्यू नोंदले आहेत आणि त्यांतले निम्म्याहून अधिक राहत्या घरांतले आहेत. सगळी माणसं वेळेत बाहेर पडली, तर ते घर या आकड्यात येत नाही. म्हणजे ज्यांच्याविषयी हा लेख आहे, ते बहुतेक लोक आकड्यांच्या बाहेरचेच.

‘संसारोपयोगी साहित्य’ म्हणजे काय, ते घराघरावर ठरतं. शेतकऱ्याच्या घरात कणगीतली ज्वारी, पेरणीसाठी राखलेलं बियाणं, खताची पोती, शेजारीच गोठा आणि कडब्याची गंजी. शहरातल्या खोलीत शिलाई मशीन, वडापावच्या गाडीचा सगळा पसारा, मुलाचा हप्त्यावर घेतलेला मोबाइल. दोन्हीकडं सारखी असते ती कागदांची पिशवी. आपल्याकडं कागद जपायचे ते पावसापासून. रेशन कार्ड, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, सातबारा, पासबुक असं सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, गाठ मारून, पत्र्याच्या पेटीच्या तळाशी ठेवलेलं असतं. चार पावसाळे ही युक्ती चालते. आगीत पेटी तापते, प्लॅस्टिक वितळून कागदांना चिकटतं आणि सगळ्याची एक वडी होते. सुट्टी ठेवलेली वह्यांची चळत पुष्कळदा फक्त कडांनी जळते, कारण घट्ट दाबलेल्या कागदांत हवा शिरत नाही. जपलेलं जातं आणि न जपलेलं उरतं, हा आगीचा खास खवचटपणा.

दुसऱ्या दिवशी बायका राख चाळायला बसतात. पिठाची चाळणी शेजारणीकडून आणतात, कारण आपली गेलेली असते. चांदी ९६२ अंशांना वितळते, शुद्ध सोनं १०६४ ला आणि दागिन्यातलं त्याच्या थोडं आधी. त्यामुळं कधी मणी जसेच्या तसे सापडतात, कधी ओळखू न येणारा गोळा. सराफ तो वजनावर घेतो. आईनं दिलेली बोरमाळ होती, हे वजनात धरता येत नाही.

या सगळ्यात घरच्यांना सर्वांत जास्त वेळा ऐकावा लागणारा प्रश्न एकच : ‘कशी लागली?’

पूर आला तर कोणी असं विचारत नाही. नदी आली, सगळ्यांच्या घरात आली. भूकंपातही बोट दाखवायला घरातलं माणूस नसतं. आग मात्र एकाच घराला लागते आणि तिला सुरुवात असते. देवापुढचा दिवा, चुलीतला निखारा, उशीखाली चार्जिंगला लावलेला फोन, गॅसची नळी. प्रश्न विचारणारा चौकशी करत असतो, एवढंच. पण त्या घरात कोणीतरी एक जण आधीच मनातल्या मनात ती संध्याकाळ शंभर वेळा उलगडून बसलेलं असतं : मी बटण बंद केलं होतं का? बहुतेकदा ती घरातली बाई असते, कारण चूल आणि दिवा तिच्याकडं. बातमीतलं ‘शॉर्टसर्किट’ सगळ्यांना सोयीचं असतं ते त्यामुळंच. तारेला कोणी रागवत नाही.

या प्रश्नाचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण घराचं नाही, पण इथं ते लागू पडतं. २८ नोव्हेंबर १९४२ ला अमेरिकेतल्या बोस्टन शहरातल्या ‘कोकोनट ग्रोव्ह’ या नाइट क्लबला आग लागली आणि ४९२ माणसं गेली. कारण म्हणून एक गोष्ट लगेच पसरली : तिथं काम करणाऱ्या सोळा वर्षांच्या पोरानं अंधारात बल्ब बसवायला काडी ओढली. मुलानं स्वतःच काडी ओढल्याचं सांगितलं. अधिकृत चौकशीनं मात्र आगीचं मूळ ‘अज्ञात’ ठरवलं आणि त्याला दोषी धरलं नाही. शिक्षा झाली ती मालकाला, कारण बाहेर पडायचे दरवाजे बंद होते. तरीही काडी आयुष्यभर त्या मुलाच्याच नावावर राहिली आणि धमक्यांचे फोन त्याला पुढं बरीच वर्षं येत राहिले.

त्याच आगीतून वाचलेल्यांना आणि मृतांच्या नातलगांना एरिक लिंडेमान हे मानसोपचारतज्ज्ञ भेटत होते. तीव्र शोकाविषयीचा त्यांचा १९४४ चा लेख आजही या विषयाचा पाया मानला जातो. त्यांनी सांगितलेल्या शोकाच्या खुणांपैकी दोन मला घर जळालेल्यांच्या बाबतीत फार नेमक्या वाटतात. एक अपराधीपणाची भावना. दुसरी, रोजच्या वागण्याची घडी मोडणं. माणूस उठतो, काहीतरी करायला जातो आणि अर्ध्यातच थांबतो, कारण ज्या वस्तूकडं हात जात होता ती वस्तूच नाही. पुढं १९६३ मध्ये मार्क फ्रीड यांनी बोस्टनमधल्याच एका पाडलेल्या वस्तीतल्या लोकांविषयी लिहिताना घर जाण्याच्या दुःखाला सरळ शोक असंच म्हटलं. तिथं आग नव्हती, सरकारी पुनर्विकास होता, आणि लोकांना दुसरीकडं घरंही मिळाली होती. तरी कित्येक जण माणूस गेल्यासारखे झुरत होते.

आपल्याकडं माणूस गेला तर दुःखाला वेळापत्रक असतं. घरात चूल पेटत नाही, जेवण शेजारून येतं, दहावा, तेरावा, मग वर्षश्राद्ध. नव्या घराची वास्तुशांत होते. गेलेल्या घरासाठी मात्र आपल्या पंचांगात एकही दिवस नाही. इंग्लंडात, लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला १४ जून २०१७ ला आग लागून ७२ माणसं गेल्यावर तिथल्या लोकांनी स्वतःच असा दिवस तयार केला. दर महिन्याच्या १४ तारखेला ते काही न बोलता रस्त्यानं चालत. घोषणा नाही, भाषण नाही. आपल्याकडं १४ एप्रिल हा अग्निशमन दिन आहे, तो १९४४ च्या मुंबई गोदीतल्या स्फोटात कामी आलेल्या जवानांच्या स्मरणार्थ, आणि तो योग्यच आहे. त्याच स्फोटानं गोदीलगतच्या वस्तीतली कितीतरी घरंही जाळली होती. त्यांची आठवण भाषणात एका वाक्यापुरती येते.

आता सरकारकडं वळू. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या यादीत आग ही आपत्ती म्हणून आहे, हे पुष्कळांना माहीत नसतं. केंद्राच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांत पूर्ण पडलेल्या घराला सपाट भागात १,२०,००० रुपये आणि डोंगराळ भागात १,३०,००० रुपये आहेत. झोपडीला ८,०००. कपड्यांसाठी कुटुंबामागं २,५०० आणि भांड्यांसाठी २,५००. यात झोपडी म्हणजे गवत, माती, प्लॅस्टिकचा कागद यांनी उभारलेला तात्पुरता निवारा. घर आणि झोपडी यांच्यामधली रेघ तलाठ्याच्या पंचनाम्यात ओढली जाते, आणि ती लाखभर रुपयांची असते. दुसरी गोष्ट, ही ‘मदत’ आहे, ‘भरपाई’ नाही. निधीचा हेतूच तात्काळ आधाराचा. तलाठी कोरडेपणानं वागतो अशी तक्रार सर्रास ऐकू येते, पण त्याच्या कागदात रकानेच तेवढे असतात. बोरमाळेला रकाना नाही.

पैशांच्या आणखी वाटा आहेत, पण त्या नेमक्या वेळी कोणी सांगत नाही. गॅस सिलिंडरमुळं आग लागली असेल तर तेल कंपन्यांनी काढलेला सार्वजनिक दायित्वाचा विमा लागू होतो. ग्राहकाला त्यासाठी वेगळा हप्ता भरावा लागत नाही. नोंदलेल्या पत्त्यावरच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी त्यात दोन लाखांपर्यंत तरतूद आहे, मृत्यूसाठी माणशी सहा लाखांची. मात्र एजन्सीला लगेच कळवावं लागतं. घराचा विमा काढणारे आपल्याकडं थोडेच. १ एप्रिल २०२१ पासून सर्व कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारखी पॉलिसी ठेवावी लागते आणि तिच्यात घराबरोबर आतल्या सामानालाही ठराविक मर्यादेपर्यंत आपोआप संरक्षण मिळतं. जळालेल्या नोटांचंही असंच. फार जळून ठिसूळ झालेल्या नोटा बँकेच्या शाखेत घेत नाहीत. त्या रिझर्व्ह बँकेच्या मुंबई, नागपूर अशा कार्यालयांत न्याव्या लागतात. उरलेला तुकडा किती आहे त्यावर रक्कम ठरते, म्हणून त्या राखेला हात न लावता, होत्या त्या डब्यासकट न्याव्यात. चुलीजवळच्या डाळीच्या डब्यात मुलीच्या लग्नासाठी पैसे ठेवणाऱ्या बाईला हे कोणीतरी पहिल्याच दिवशी सांगायला हवं. नाहीतर ती रडतरडत डबा उपडा करते.

या सगळ्या वाटांवर एकच चौकी आहे : पुरावा. विमेवाल्याला पावत्या हव्यात, त्या जळाल्या. तहसीलला रेशन कार्ड हवं, ते जळालं. कार्डाची दुसरी प्रत हवी तर ओळखपत्र आणा. खरेदीखताची प्रमाणित प्रत दुय्यम निबंधकाकडं मिळते, दहावीची गुणपत्रिका मंडळाकडं. अर्ज, शुल्क, फेरी, पुन्हा फेरी. आधार कार्ड हाताच्या ठशावर परत निघतं, हे त्यातल्या त्यात बरं. जे राबतात त्यांचे ठसे यंत्राला वाचता येत नाहीत, ही तक्रार मात्र जुनीच आहे.

मुंबईच्या झोपडपट्टीत हा पुराव्याचा प्रश्न घराइतकाच मोठा होतो. ७ डिसेंबर २०१५ ला कांदिवली पूर्वेच्या दामूनगरात सिलिंडर एकामागून एक फुटत गेले आणि हजारावर झोपड्या गेल्या. मार्च २०११ मध्ये वांद्र्याच्या गरीबनगरात आग लागली, नोव्हेंबर २०१८ मध्ये पुण्याच्या पाटील इस्टेटमध्ये. झोपडी दोन दिवसांत पत्रे आणि बांबूंनी पुन्हा उभी राहते. पण पुनर्वसनात मोफत घर कोणाला, तर १ जानेवारी २००० पूर्वीपासून इथं राहत असल्याचा पुरावा असेल त्याला. त्यानंतर २०११ पर्यंत आलेल्यांना पैसे भरून. म्हणजे एखादं जुनं वीजबिल किंवा मतदार यादीतला उतारा म्हणजे तीस वर्षांच्या कष्टाची किल्ली. आग लागली की माणसं टीव्ही सोडून ती पिशवी घेऊन का धावतात, हे एवढ्यावरून कळावं. मोक्याच्या जमिनीवरच्या वस्तीला आग लागली की ‘लागली की लावली’ ही कुजबुजही लगेच सुरू होते. दर वेळी ती खरी असते असं नाही. पण ती कुजबुज ऐकत राहणं हादेखील तिथल्या माणसांच्या दुःखाचा भाग आहे.

‘लावली’ हा प्रकार मराठी मुलखानं फार मोठ्या प्रमाणावर पाहिलाय. गांधीहत्येनंतर १९४८ च्या फेब्रुवारीत पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरं जाळली गेली. त्या घराण्यांत आजही ‘जळितात गेलं’ असा शब्दप्रयोग आहे. जळीत म्हणजे एक तारीख, एक हद्द : जळिताआधी आणि जळितानंतर. व्यंकटेश माडगूळकरांची ‘वावटळ’ त्याच दिवसांवरची. अशा आगीत ‘कशी लागली’ हा प्रश्नच उरत नाही, ‘कोणी’ हे गावाला ठाऊक असतं. कित्येकांना वाचवणारं शेजारही त्याच गावातलं होतं : कोणी धान्याच्या कोठीत लपवलं, कोणी भांडी उचलून आपल्या परड्यात पुरून ठेवली आणि महिन्यांनी परत दिली. हे आपण घरोघरच्या आठवणींत ऐकतो. तरी बरीच कुटुंबं शहरात निघून गेली ती कायमची. ज्यानं भांडी सांभाळली त्याच्याविषयी कृतज्ञता असते, पण त्याच ओट्यावर पुन्हा बसवत नाही. चांगुलपणानं सगळं भरून निघतं असं मानणाऱ्यांनी हा भाग वगळू नये.

तरी चांगुलपणा पुष्कळ असतो, आणि पहिल्या रात्री तो आश्चर्य वाटावं इतका असतो. आपत्तीत माणसं एकमेकांना लुटतात हा समज समाजशास्त्रज्ञांनी विसाव्या शतकाच्या मध्यापासून वारंवार खोडून काढलाय. आग विझवायला हंडे-कळशा घेऊन धावणारे तेच, रात्री सतरंजी टाकणारे तेच. पिठलं-भाकरी येते, चहा येतो, ‘आमच्याकडं झोपा’ येतं. पण पहिल्या रात्री खरोखर लागतं काय, ते अनुभवी बायकांनाच सुचतं. चपला, कारण माणसं अनवाणी पळालेली असतात. आजोबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या, चष्मा. आतले कपडे, पाळीचे पॅड. हे मागता येत नाही आणि कोणी चौकात गोळाही करत नाही. शेजारीण गुपचूप पिशवी हातात देते आणि काही न विचारता निघून जाते. मला वाटतं, त्या काही न विचारण्यातच सगळं आहे. त्या दिवसात पोलीस, तलाठी, बातमीदार, भाऊबंद सगळे हिशेब मागून गेलेले असतात. हिशेब न मागणारी ती एकटी.

दुसऱ्या दिवसापासून कपडे येऊ लागतात. वस्तूंच्या दानाची अडचण जुनीच आहे. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर नको असलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडले होते, ग्रेनफेलनंतरही कपडे इतके आले की आता पैसे द्या, वस्तू नकोत असं सांगावं लागलं. आपल्याकडंही मंडळाच्या मंडपात साड्यांचा डोंगर होतो, त्यात फाटकी जरीची साडी असतेच. शिवाय फोटो. कुकर एका बाजूनं नेत्यानं धरलाय, दुसऱ्या बाजूनं त्या बाईनं, आणि दोघं कॅमेऱ्याकडं बघताहेत. कुकर उपयोगाचा असतो, हे मान्य. पण तिनं तो फोटो देऊन विकत घेतलेला असतो.

तिसऱ्या आठवड्यात काय होतं, याविषयी कोणी फारसं लिहीत नाही. आपत्तीनंतरच्या आधारावर क्रिस्तॉफ कानियास्टी आणि फ्रान नॉरिस यांनी अमेरिकेत पूर आणि वादळांनंतर बरीच वर्षं काम केलं. त्यांना दिसलं ते असं : आधार आधी भरभरून येतो आणि मग ओसरतो, गरज ओसरायच्या कितीतरी आधी. आणि तो गरजेप्रमाणंच वाटला जातो असंही नाही. ज्यांचे लागेबांधे मोठे, त्यांना जास्त मिळतो, गरिबांना आणि कमी शिकलेल्यांना कमी. हे समजायला अमेरिकेत जायची गरज नव्हती, पण कोणी मोजलं हे बरं झालं. आपल्याकडं तिसऱ्या आठवड्यात बचत गटाचा हप्ता येतो. ज्या शिलाई मशीनसाठी कर्ज घेतलं ते मशीन राखेत, पण हप्ता उभा. अशा वेळी गटातल्या बायकांनी आपसात वर्गणी काढून तीन हप्ते भरले, तर मंडपातल्या साड्यांहून ते कितीतरी मोलाचं. त्याचा फोटो निघत नाही.

‘बोलून मोकळी हो’ हाही सल्ला सर्रास दिला जातो. वेल्समध्ये १९९७ साली भाजलेल्या रुग्णांवर एक काळजीपूर्वक चाचणी प्रसिद्ध झाली. काहींना अपघातानंतर थोड्याच दिवसांत एका बैठकीत सगळा प्रसंग तपशीलवार सांगायला लावला, काहींना नाही. तेरा महिन्यांनी पाहिलं तर बोलायला लावलेल्यांपैकी २६ टक्क्यांना आघातोत्तर तणावाचा विकार होता, दुसऱ्या गटात ९ टक्क्यांना. पहिल्या गटातल्यांचा आघात मुळातच थोडा जास्त होता, हे संशोधकांनीही नोंदवलं आहे, त्यामुळं आकडा तंतोतंत घेऊ नये. पण पुढं अशा सगळ्या चाचण्या एकत्र पाहिल्या तेव्हाही एका बैठकीत जबरदस्तीनं बोलतं करण्याचा फायदा दिसला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या प्राथमिक मानसिक मदतीच्या पुस्तिकेत म्हणून भर आहे तो पाहण्यावर, ऐकण्यावर आणि योग्य ठिकाणी जोडून देण्यावर. प्रसंग वदवून घेण्यावर नाही. ‘कशी लागली?’ हा प्रश्न मायेनं विचारला तरी चौकशीच होते, एवढा त्याचा अर्थ. ज्याला सांगायचंय तो सांगतो, कधी चार महिन्यांनी, भांडी घासताना, दुसऱ्याच विषयातून.

काही नातेवाईक न सांगता दुसरंच काम करतात. भिंतीवरचा वडिलांचा हार घातलेला फोटो जळून गेलेला असतो, घरात होता तो एकच. मग कोणी आते आपल्या लग्नाच्या अल्बममधून गर्दीत मागं उभे असलेले वडील शोधून काढते, स्टुडिओत नेऊन मोठे करून आणते. चेहरा थोडा धूसर येतो. तरी तो फोटो नव्या भिंतीवर पहिला लागतो, पंख्याच्याही आधी.

आणि भांडी. आपल्याकडं भांड्यावर नाव घालायची पद्धत आहे. भांड्यांच्या दुकानात यंत्रानं कोरून देतात : कोणाला, कोणाकडून सप्रेम भेट, तारीख. पितळ आगीत वाकतं, ॲल्युमिनियम वितळून जातं, पण स्टील टिकतं. राखेतून निघालेली वाटी काळीठिक्कर असते. नव्या कुकरशेजारी ती ठेवायला घरातले लोक नको म्हणतात. सासू ऐकत नाही. ती वाटी घेऊन मोरीत बसते आणि इतकी वर्षं घासत आली तशीच, राखेनं घासायला लागते. बऱ्याच वेळानं आधी तारीख दिसते, मग नाव.